टँकर, टाकी, बादली आणि लिटर : आमच्या सोसायटीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर राहायचं म्हणजे पाण्याचा हिशेब कुणाला चुकत नाही. आमच्या अठ्ठेचाळीस फ्लॅटच्या सोसायटीत पाणी समितीचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहाय्यक म्हणून तीस वर्षं काढली आहेत आणि मोजपात्र हातात धरायची सवय आहे. लिफ्टमध्ये, गेटवर, सभेत तेच तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. मध्येमध्ये दूध-तेलही आलंय, कारण विचारणारे तेही विचारतात.

दहा हजार लिटरचा टँकर म्हणतात. खरंच तेवढं पाणी आलं हे कसं ओळखायचं?

टँकरकडे बघून नाही, आपल्या टाकीकडे बघून.

आपली जमिनीखालची टाकी आतून ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे. भिंती सरळ आहेत. म्हणजे तळाचं क्षेत्रफळ २४ चौरस मीटर. या टाकीत पाणी एक सेंटिमीटर चढलं की २४० लिटर आलं. एवढा एक आकडा पाठ करा, बाकी सगळं त्यातून निघतं. दहा हजारांना २४० नं भागा : जवळपास ४१.७ सेंटिमीटर. टँकर रिकामा करायला घ्यायच्या आधी सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी टाकीत घालायची, ओल्या खुणेवर बोट ठेवायचं, आकडा वहीत लिहायचा. रिकामा झाल्यावर पाच मिनिटं थांबायचं, लाटा शांत होऊ द्यायच्या आणि पुन्हा काठी घालायची. फरक साडेएक्केचाळीसच्या आसपास हवा. एखाद्या सेंटिमीटरवरून भांडू नका, काठी जरा तिरकी गेली तरी तेवढा फरक पडतो.

आता माझीच फजिती सांगते. पहिल्याच उन्हाळ्यात मी ही काठी केली आणि दुसऱ्याच दिवशी फरक भरला ३५ सेंटिमीटर. म्हणजे ८,४०० लिटर. सोळाशे लिटर गायब! मी ड्रायव्हरदादांना गेटवरच धरलं. ते बिचारे म्हणत होते, "ताई, भरून आणलाय, कागद बघा." मी कागद बघायला तयार नव्हते. वीस मिनिटं वाद झाला. मग वॉचमननं हळूच सांगितलं की पंप चालू आहे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी खाली गेलं होतं, ऑटो स्विचनं पंप आपोआप चालू केला होता, आणि टँकर वरून ओतत असताना पंप खालून पाणी उपसत होता. ते सोळाशे लिटर आमच्याच डोक्यावर गच्चीत बसले होते. दादांना चहा पाजला. तेव्हापासून नियम आहे : टँकर लागला की आधी पंपाचा स्विच बंद, पालिकेच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद, मगच काठी.

टँकरचं झाकण उघडून पाहिलं तर पाणी चार बोटं खाली होतं. पैसे कापायचे का?

चार बोटं म्हणजे साधारण सात सेंटिमीटर. आपल्या चौकोनी टाकीत सात सेंटिमीटर म्हणजे १,६८० लिटर. पण टँकर चौकोनी नाही, आडवा पडलेला पिंप आहे. वर निमुळता, मध्ये रुंद, खाली पुन्हा निमुळता.

टँकरची आतली उंची १४० सेंटिमीटर धरा. अगदी वरची सात सेंटिमीटर रिकामी असतील तर दहा हजारांतले जेमतेम १९० लिटर कमी आहेत. तीच चार बोटं पोटाच्या मध्यावर मोजली तर सुमारे ६४० लिटर होतात. बोटं तीच, पाणी तिपटीहून जास्त.

म्हणून आडव्या टँकरमध्ये काठीवर समान अंतरानं खुणा करून चालत नाही. पाणी उंचीच्या पाव भागापर्यंत असेल तर टँकरमध्ये पाव नव्हे, साडेएकोणीस टक्केच पाणी असतं. अर्ध्या उंचीला मात्र बरोबर अर्धं. पाऊण उंचीला ऐंशी टक्क्यांहून थोडं जास्त. उंचीच्या एक दशांशाला पाच टक्केच. टँकर पूर्ण गोल नसून लंबगोल असला तरी हेच आकडे लागू पडतात, ही त्यातली गंमत.

आणखी एक. आपल्या गेटपाशी उतार आहे. टँकर कुठेही उभा करा, पाण्याची पातळी आडवीच राहते, टँकर तेवढा तिरका होतो. उतारावर झाकणातून एका बाजूला पाणी काठोकाठ दिसेल आणि दुसऱ्या टोकाला वर हवा अडकलेली असेल. रिकामा करतानाही नळाचं तोंड चढाच्या बाजूला आलं तर खालच्या कोपऱ्यात पाणी उरतं आणि तसंच परत जातं. त्यामुळे टँकर तोंड उताराकडे येईल असाच लावून घ्या.

मग अर्धी भरलेली बादली म्हणजे अर्धी बादली पाणी नाही?

नाही. आमच्या घरातली बादली वर ३० सेंटिमीटर रुंद, तळाला २० आणि उंचीला ३०. काठापर्यंत भरली तर सुमारे १५ लिटर. अर्ध्या उंचीपर्यंत भरली तर ६ लिटर. साडेसात नाही. वर रुंद होत जाणाऱ्या कुठल्याही भांड्याचं असंच असतं : वाटी, घमेलं, कढई, आणि हो, धरणसुद्धा. धरणाच्या बातमीत पातळी मीटरमध्ये देतात आणि साठा टक्क्यांत, त्याचं कारण हेच. दरीच्या तळाशी एक मीटर चढायला थोडं पाणी पुरतं, वरचा एक मीटर भरायला कितीतरी पट लागतं.

आजीच्या कळशीचं उलटं. पोट मोठं, गळा अरुंद. गळ्याशी बोटभर पाणी कमी असलं तर फार तर पेलाभर कमी. जुन्या लोकांनी गळा उगाच अरुंद केला नाही, डोक्यावरून आणताना हिंदकळून सांडायला जागाच उरत नाही.

वर्तमानपत्रात कधी दशलक्ष लिटर, कधी दलघमी, कधी टीएमसी. नक्की किती?

दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. एका घनमीटरमध्ये १,००० लिटर, म्हणून १ दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. एका घनफुटात २८.३२ लिटर, म्हणून १ टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी, २,८३२ कोटी लिटर. रोजचा पुरवठा मात्र दशलक्ष लिटरमध्ये सांगतात, इंग्रजी आद्याक्षरांत एमएलडी.

माझी बहीण नेरुळला असते. नवी मुंबईचं मोरबे धरण महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं, हे ती मला दर उन्हाळ्यात ऐकवते. त्याची क्षमता १९०.८९ दलघमी, पूर्ण भरल्याची पातळी ८८ मीटर. म्हणजे पावणेसात टीएमसी. कोयनेची साठवण १०५.२५ टीएमसी. तिला हा दुसरा आकडा मी ऐकवते.

पाण्याच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे किती बादल्या?

एक युनिट म्हणजे एक घनमीटर, हजार लिटर. वर सांगितलेल्या बादलीनं सदुसष्ट बादल्या. शहरी घरगुती वापरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी नियोजनातला आकडा आहे. चौघांच्या घराला ५४० लिटर, महिन्याला सोळा युनिट.

मीटरवर काळे आकडे घनमीटरचे, लाल आकडे त्याखालचे. वाचताना काळेच वाचायचे. लाल धरून वाचलं की आकडा अचाट दिसतो आणि मग मला रात्री फोन येतो. तबकडीवर एक छोटी चांदणी किंवा त्रिकोणी चाक असतं. घरातले सगळे नळ बंद करा, फ्लशची टाकी भरू द्या आणि त्या चाकाकडे बघा. ते हळूहळू फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे. प्लंबर बोलवायच्या आधी ही तपासणी फुकट होते.

पाणी जाऊन परत आलं की पाइपमधली हवाही मीटर फिरवू शकते. पण त्यानं महिन्याचं बिल दुप्पट होत नाही. दुप्पट झालं असेल तर फ्लश बघा.

गच्चीवर दोन टाक्या जोडल्या आहेत. लहान टाकी वाहून जाते आणि मोठी भरतच नाही, असं का?

लहान आहे म्हणून नाही, खाली बसली आहे म्हणून.

दोन भांडी तळाशी नळीनं जोडली की दोन्हींत पाणी एकाच पातळीला येतं. एक हौदाएवढं असो आणि दुसरं पेल्याएवढं, पातळीला काही फरक पडत नाही. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून भिंतीच्या दोन टोकांना खुणा करतात ते याच जोरावर. आपल्याकडे बी विंगच्या गच्चीवर मोठी टाकी विटांच्या चौथऱ्यावर ठेवली आणि लहान थेट स्लॅबवर. मोठीत पाणी पाऊण भरेपर्यंत लहानीचा काठ आला, मग तिथून धबधबा. बॉल व्हॉल्व्ह मोठ्या टाकीत, त्यामुळे त्याला काही कळलंच नाही. उपाय सोपा : दोन्हींचे *काठ* एका पातळीला आणा. तळ नाही, काठ. ते जमत नसेल तर बॉल व्हॉल्व्ह लहान टाकीत बसवा.

हजार लिटरच्या टाकीत हजार लिटर मावतं का?

मावतं, पण वापरायला मिळत नाही. वर बॉल व्हॉल्व्ह काठाच्या आधीच पाणी बंद करतो आणि खाली बाहेर जाणारा पाइप तळापासून थोडा वर असतो. त्याखालचं पाणी आणि गाळ तिथेच राहतो. धरणात याला मृतसाठा म्हणतात. आपल्या गच्चीवरही तो आहे.

थेंब थेंब गळणाऱ्या नळानं असं किती जातं?

दर सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला ८६,४०० थेंब. पण थेंब म्हणजे किती, हे ठरलेलं नसतं. सलाईनच्या साध्या नळीत वीस थेंबांना एक मिलिलिटर धरतात. त्या हिशेबानं दिवसाला सव्वाचार लिटर. नळाच्या जाड तोंडाचा थेंब त्याहून बराच मोठा असू शकतो. त्यामुळे हिशेब करत बसू नका. रात्री झोपताना नळाखाली पातेलं ठेवा, सकाळी लिटरच्या मापानं मोजा. आमच्या शेजारच्या काकूंनी ठेवलं होतं. सकाळी पातेलं भरून वाहत होतं. दुपारी वायसर बदलला.

तेलाचा डबा पंधरा किलोचा चांगला की पंधरा लिटरचा?

दिवाळीच्या आधी हा प्रश्न हमखास येतो. तेल पाण्याहून हलकं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे पंधरा लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम तेल आणि पंधरा किलोच्या डब्यात सुमारे साडेसोळा लिटर. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात, डबे दिसायला सारखे. किंमत वजनानं भागा, मगच ठरवा.

तेल गरम झालं की फुगतं. वजन तेच, लिटर जास्त. काही जण पिशवीवर मुद्दाम चढं तापमान छापून त्या तापमानाचे लिटर सांगत. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं सांगितलं, तापमान छापू नका, आकारमानासोबत वजनही छापा. म्हणून आता पिशवीवर दोन्ही असतात. मी फक्त ग्रॅम वाचते.

आणि डब्याला एकच भोक पाडून तेल ओतायला जाऊ नका. तेल बाहेर यायचं तर त्याच्या जागी हवा आत जायला हवी. एकाच भोकातून दोघं ये-जा करायला लागले की बुडबुड होते, धार तुटते आणि ओटा तेलकट होतो. समोरच्या कोपऱ्यात दुसरं लहान भोक पाडा, धार सुतासारखी पडते.

दूधवाल्याच्या मापावर विश्वास ठेवावा का?

भैयावर ठेवा, मापावर नजर ठेवा. दांड्याच्या मापात दूध कमी पडायच्या जागा मोजक्याच. तळ ठोकून आत गेलेला असणं, माप तिरकं धरणं आणि फेस. फेस म्हणजे हवा. जोरात बुडवून काढलेल्या मापात वरचा बोटभर फेसच असतो. मापावर वैधमापन खात्याची मोहोर असते, ती एकदा बघून घ्या. शंका असेल तर घरी वजन करा : एक लिटर दूध साधारण १,०३० ग्रॅम भरतं. पाण्याहून जड. १,०१० भरलं तर माप कमी आहे, नाहीतर दुधात पाणी.

औषध चमच्यानं दिलं तर चालेल?

नाही. घरातले चमचे सारखे नसतात. आमच्याच घरातले तीन "चहाचे चमचे" मी मोजले, तिन्ही वेगळे निघाले. बाटलीसोबत झाकण-माप येतं तेच वापरा. ते सपाट जागेवर ठेवून, डोळे खुणेच्या पातळीला आणून वाचा. काचेच्या अरुंद मोजपात्रात पाणी कडेला किंचित चढतं आणि मध्ये खोलगट दिसतं. वाचायचं ते खोलगट भागाच्या तळाशी. वरून वाकून बघितलं तर आकडा जास्त दिसतो, खालून बघितलं तर कमी. दर जूनमध्ये नव्या मुलांना हे सांगण्यात माझा एक आठवडा जायचा.

सकाळी थंडाव्यात पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं म्हणतात?

पेट्रोल एका अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. पाच अंशांचा फरक धरला तरी हजार रुपयांमागे पाच रुपये. आणि पंपाची टाकी जमिनीखाली, तिथे सकाळ-दुपारचा फरक फारसा पोचतच नाही. झोप मोडू नका. माप कमी वाटत असेल तर पंपावर पाच लिटरचं मोहोर असलेलं माप असतं, त्यात भरून दाखवा म्हणायचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्यापुढे नाही.

अर्धा लिटर अधिक अर्धा लिटर म्हणजे एक लिटरच ना?

पाणी आणि पाणी असेल तर. प्रयोगशाळेत ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर अल्कोहोल ओतून मी मुलांना विचारायची, किती झालं? सगळे ओरडायचे, शंभर! मोजपात्रात दिसायचे ९६-९७. सांडलं नाही, उडालं नाही. दोन्हींचे रेणू एकमेकांत दाटीवाटीनं बसले. वजन केलं तर मात्र बेरीज चोख. पाण्याचं बर्फ होताना नेमकं उलटं : आकारमान सुमारे नऊ टक्के वाढतं. काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये ठेवू नका, हे सांगायला यापेक्षा जास्त विज्ञान लागत नाही.

एका नळानं टाकी तीन तासांत भरते, दुसऱ्यानं सहा तासांत. दोन्ही सोडले तर?

दोन तास, पुस्तकात. पालिकेच्या लाइनवर दुसरा नळ सोडला की पहिल्याचा जोर कमी होतो, त्यामुळे आपल्याकडे दोन तासांत कधीच भरत नाही. रिकामी होतानाही तसंच : टाकी भरलेली असताना धार जोरात, तळाशी येईल तशी मंद. पूर्वी लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रानं साधत, तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, चोवीस मिनिटं. आमच्या आजोळी तसं एक पात्र होतं. आम्ही त्यात चिंचा ठेवायचो.

गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली आणलं तर किती मिळेल?

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आपली गच्ची ३५० चौरस मीटर. ठाण्यात पन्नास मिलिमीटर पडणं ही काही बातमी नाही, आणि तेवढ्यात १७,५०० लिटर येतं. पावणेदोन टँकर. थोडं उडतं, थोडं मुरतं, पहिल्या सरीचं घाण म्हणून सोडून द्यावं लागतं, तरी दीड टँकर कुठे गेला नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. आपल्या गच्चीवर तेवढा पडला असता तर तेहतीस टँकर, एका दिवसात. साठवायला टाकी मात्र साठ हजार लिटरचीच आहे, त्यामुळे पुढच्या सभेत शोषखड्ड्याचा विषय मी पुन्हा आणणार आहे. गेल्या वेळी तो चहा-समोशात राहून गेला.

काठी कुठे ठेवली आहे? कुणीही मोजलं तर चालेल?

पंपरूमच्या दाराआड, खिळ्याला टांगली आहे. दर दहा सेंटिमीटरला लाल रंगाची पट्टी आहे, मधल्या रेघा चाकूनं कोरल्या आहेत. मोजायला दोघांनी जा. एकानं काठी घालायची, दुसऱ्यानं लिहायचं. झाकणाच्या आत वाकू नका आणि कुठल्याही कारणानं टाकीत उतरू नका, बंद टाकीतली हवा जिवाला धोक्याची असते. मुलांना बरोबर आणू नका. काठी तळाला टेकल्याचं हाताला कळतं, त्याआधी वाचू नका. झाल्यावर पुसून टांगा, जमिनीवर ठेवू नका, कारण ती आपल्या पिण्याच्या पाण्यात जाते. वही वॉचमनच्या टेबलाच्या खणात आहे. पेन तिथून कायम गायब असतं, आपापलं घेऊन जा.